जे. सी. कुमारप्पा

जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा (४ जानेवारी १८९२, तंजावर – ३० जानेवारी १९६०, मद्रास) हे भारतीय अर्थतज्ज्ञ, लेखापाल, स्वातंत्र्यसैनिक आणि ग्रामोद्योग चळवळीचे प्रमुख संघटक होते. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ साली वर्धा येथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ते चिटणीस होते. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कार्यमग्न काळ वर्ध्याच्या मगनवाडीत गेला.

कुमारप्पांची ओळख सामान्यतः गांधीवादी अर्थशास्त्राचे भाष्यकार अशी करून दिली जाते. ती बरोबर असली तरी अपुरी आहे. रद्दी, चिंध्या, मैला, हाडे, मृत जनावरांची कातडी अशा टाकून दिलेल्या वस्तूंतून उपयुक्त पदार्थ परत मिळवण्याचे प्रयोग त्यांच्या देखरेखीखाली व्यवस्थित हिशेब ठेवून झाले. कोळसा, खनिज तेल, लोखंड, तांबे, सोने यांसारख्या पुन्हा न उगवणाऱ्या साठ्यांचा प्रश्न त्यांनी १९४५ सालीच अर्थशास्त्राच्या केंद्रस्थानी आणला होता. निकामी विद्युत उपकरणांतून मौल्यवान धातू परत मिळवण्याचा आज जो उद्योग उभा राहत आहे, त्याचा विचार करताना त्यांच्या लेखनाकडे वळावे लागते ते यामुळे.

बालपण व शिक्षण

मराठी राजवटीमुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या तंजावर शहरात, एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील सॉलोमन दोरैस्वामी कॉर्नेलियस हे सरकारी नोकरीत होते. घरातील शिस्त कडक होती आणि वातावरण इंग्रजी वळणाचे होते. जोसेफ यांचे मूळ आडनाव कॉर्नेलियस हेच होते. ‘कुमारप्पा’ हे घराण्यातील जुने नाव त्यांनी पुढे धारण केले. त्यांचे बंधू भारतन् कुमारप्पा हेही नंतर ग्रामोद्योग संघाच्या कामात त्यांच्यासोबत होते.

मद्रास येथील शिक्षणानंतर जोसेफ लंडनला गेले आणि तेथे हिशेब तपासनिसाची व्यावसायिक पात्रता मिळवून मायदेशी परतले. मुंबईत त्यांनी स्वतःची लेखापरीक्षण कंपनी चालवली. उत्तम शिवलेले विलायती कपडे आणि उच्चभ्रू राहणी हे त्यांचे त्या काळातील रूप होते. १९२७ साली ते अमेरिकेला गेले. सिरॅक्यूज विद्यापीठातून व्यवसाय प्रशासनाची पदवी घेतल्यावर त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तव्यवहाराचा अभ्यास सुरू केला.

येथे त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. भारताच्या दारिद्र्याची कारणे या विषयावर त्यांनी एका चर्चमध्ये दिलेल्या व्याख्यानाचा वृत्तांत वृत्तपत्रात आला आणि तो प्राध्यापक एडविन सेलिगमन यांच्या वाचनात आला. सेलिगमन यांच्या सूचनेवरून कुमारप्पांनी ब्रिटिश राजवटीचे करधोरण आणि भारताचे दारिद्र्य यांचा संबंध हाच प्रबंधाचा विषय केला. सरकारी जमाखर्चाची पाने लेखापालाच्या नजरेने उलटताना त्यांना असे आढळले की, महसूल शेतकऱ्याकडून येतो, परंतु खर्चाचा मोठा भाग लष्कर, प्रशासन आणि कर्जफेड यांवर होतो. साम्राज्याविषयीचा त्यांचा आदर ओसरला तो भाषणांनी नव्हे, तर आकड्यांनी. पुढील सर्व लेखनात हा लेखापाल त्यांना सोडून गेलेला दिसत नाही.

गांधीजींची भेट

१९२९ साली भारतात परतल्यावर प्रबंध प्रसिद्ध करण्याच्या निमित्ताने ते ९ मे रोजी साबरमती आश्रमात गांधीजींना भेटले. झाडाखाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक वृद्ध गृहस्थ सूत कातत बसले होते. भेटीच्या वेळेपूर्वी पोहोचलेले कुमारप्पा काही क्षण नुसते पाहत उभे राहिले आणि हेच गांधीजी हे त्यांना नंतर कळले. कडक इस्त्रीच्या विलायती पोशाखात ते जमिनीवर बसले, हा प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून नोंदवला आहे.

गांधीजींनी प्रबंध ‘यंग इंडिया’तून क्रमशः छापण्याचे मान्य केले आणि त्याबरोबर एक कामही सोपवले. ते काम म्हणजे गुजरातेतील खेडा जिल्ह्याच्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन कुमारप्पांनी गावोगाव फिरून शेतकरी कुटुंबांचे उत्पन्न, खर्च, कर्ज आणि सारा यांची माहिती गोळा केली. भाषेची अडचण होती, खेड्याचा अनुभव नव्हता. तरीही ही पाहणी भारतातील ग्रामीण आर्थिक सर्वेक्षणाच्या आरंभीच्या महत्त्वाच्या नमुन्यांपैकी एक ठरली.

मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात ‘यंग इंडिया’च्या संपादनाची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि त्यापाठोपाठ तुरुंगवासही आला. १९३१ साली ब्रिटन आणि भारत यांच्यातील आर्थिक देण्याघेण्याची छाननी करण्यासाठी काँग्रेसने नेमलेल्या समितीचे ते निमंत्रक होते. भारतावर लादलेल्या सार्वजनिक कर्जापैकी किती कर्ज न्याय्य मानावे, हा त्या समितीपुढील प्रश्न होता. पुढील वर्षी त्यांना पुन्हा अडीच वर्षांची शिक्षा झाली.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये विनाशकारी भूकंप झाला. राजेंद्रप्रसाद यांच्या नेतृत्वाखालील मदत समितीच्या पैशांचा हिशेब पाहण्यासाठी कुमारप्पांना बोलावण्यात आले. मदतनिधीतील पैसा पीडितांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही, या भूमिकेतून त्यांनी खुद्द गांधीजींच्या सोबतच्या मंडळींचा जादा खर्चही निधीतून देण्यास नकार दिला. गांधीजींना राग आला नाही. उलट ग्रामोद्योग संघाची उभारणी करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी याच माणसाची निवड केली.

वर्ध्यात आगमन

ऑक्टोबर १९३४ मध्ये काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनात ग्रामोद्योगांसाठी स्वतंत्र संस्था काढण्याचा ठराव झाला आणि १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. श्रीकृष्णदास जाजू हे अध्यक्ष, तर कुमारप्पा हे संघटक व चिटणीस झाले. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातील आपला बगीचा आणि त्यातील इमारती संघाला दिल्या. गांधीजींचे निकटचे सहकारी मगनलाल गांधी १९२८ साली वारले होते. त्यांच्या स्मरणार्थ या जागेला मगनवाडी असे नाव देण्यात आले. १९३६ साली शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला जाण्यापूर्वी गांधीजींचा मुक्काम येथेच होता.

चरखा संघ खादीचे काम पाहत होता. त्याखेरीजचे सर्व गावउद्योग, म्हणजे हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ, मधमाशापालन, कागद, साबण, चामडे, कुंभारकाम, हे ग्रामोद्योग संघाच्या वाट्याला आले. मगनवाडीत प्रशिक्षण वर्ग सुरू झाले, ‘ग्रामउद्योग पत्रिका’ निघू लागली. डिसेंबर १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय सुरू झाले. गावउद्योगांची अवजारे, ती वापरण्याच्या पद्धती आणि तयार माल एकाच ठिकाणी पाहता यावा, असा त्याचा हेतू होता.

मगनवाडीतील प्रयोग

मगनवाडीतील कामाचे वर्णन बहुधा साधेपणा आणि स्वावलंबन या शब्दांत केले जाते. प्रत्यक्षात तेथे चालत होते ते एक प्रकारचे साहित्यशास्त्र. कोणता पदार्थ कोठून येतो, वापरून झाल्यावर कोठे जातो आणि तो परत कसा आणता येईल, हे प्रत्येक उद्योगात तपासले जाई.

हातकागदाचे उदाहरण घ्यावे. कागद गिरणीला लाकडाचा किंवा बांबूचा लगदा लागतो. मगनवाडीत कागद होई तो रद्दी, कापडाच्या चिंध्या, गवत, पेंढा यांपासून. कच्चा माल भिजवून, कुटून त्याचा लगदा करायचा, तो हौदात पाण्यात कालवायचा, बारीक जाळीच्या चौकटीवर पातळ थर उचलायचा, थर एकमेकांवर रचून दाबून पाणी काढायचे, ताव वाळवायचे, खळ लावायची आणि घोटून गुळगुळीत करायचे, असा हा क्रम. महाराष्ट्रात दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला हा धंदा पूर्वी भरभराटीला आलेला होता आणि गिरण्यांच्या कागदामुळे तो मोडला होता. ग्रामोद्योग चळवळीतूनच १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. तिचे काम पुढे अनेक दशके चालले.

तेलघाणीवर झवेरभाई पटेल यांनी केलेल्या सुधारणांमुळे बैलाचे श्रम कमी होऊन तेलाचा उतारा वाढला. येथे कुमारप्पांचे लक्ष तेलाइतकेच पेंडीवर होते. तेलबिया परदेशी गेल्या की पेंडही जाते. पेंड गेली की जनावरांची वैरण आणि शेताचे खत जाते. निर्यातीच्या आकड्यात हे नुकसान कोठेच दिसत नाही, अशी त्यांची तक्रार होती. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ नावाचा कंदील येथे तयार करण्यात आला. पुढे धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ही आली. मगनदीपाची आज कोणी थट्टा करील. परंतु रॉकेल हे जमिनीखालच्या संपणाऱ्या साठ्यातून येते आणि तेलबी दरवर्षी शेतात पिकते, हा त्यामागील विचार थट्टेचा नव्हता.

मैल्याच्या प्रश्नाला संघाने अग्रक्रम दिला होता. १९३५ साली गांधीजी, मीराबेन, महादेवभाई देसाई आणि आश्रमीय मंडळी मगनवाडीजवळच्या सिंदी गावात जाऊन रस्त्याकडेचा मैला उचलत. त्या मैल्याचे चरात पुरून सोनखत होई. मराठीत या खताला सोनखत हा शब्द फार पूर्वीपासून आहे, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. शेतकऱ्याला त्याचे मोल ठाऊक होते. अडचण होती ती हात लावण्याची.

हाडांचेही तसेच होते. गावाबाहेर पडलेली जनावरांची हाडे गोळा होऊन परदेशी रवाना होत आणि त्यांतील स्फुरद येथील शेतांतून कायमचे जाई. हाडे वाफवून किंवा भाजून ठिसूळ करावीत आणि भुकटी करून गावच्याच शेतात घालावीत, असा प्रचार संघाने केला.

मृत जनावरे आणि जातीचा प्रश्न

वर्ध्याजवळ नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालवले. नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराची कातडी नीट सोलली, वेळेवर मिठात घातली आणि चांगली कमावली तर ती वाया जात नाही. मांसाचे खत होते, चरबी, शिंगे, खूर, आतडी यांचाही उपयोग होतो. बंगालमध्ये सतीशचंद्र दासगुप्ता यांनी याच विषयावर तपशीलवार काम केले होते. कुमारप्पांच्या लेखी हा ग्रामोद्योगाचा आदर्श नमुना होता, कारण काहीही न मारता आणि काहीही न फेकता येथे संपत्ती निर्माण होत होती.

परंतु या विषयाची दुसरी बाजू टाळून चालणार नाही. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महाराष्ट्रात जातीने ठरलेले होते आणि त्याबरोबर अस्पृश्यताही चिकटलेली होती. १९२७च्या महाड परिषदेपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने महार समाजाला हे काम सोडण्याचे आवाहन केले होते. विदर्भात या चळवळीचा मोठा प्रभाव होता. ज्या कामाला ग्रामोद्योगी कार्यकर्ते संपत्तीचे साधन म्हणत होते, तेच काम सोडणे हा एका मोठ्या समाजाच्या दृष्टीने माणूसपणाचा प्रश्न होता. चर्मालयातील आणि मगनवाडीतील कार्यकर्ते स्वतः ती कामे करत, याचे महत्त्व आहेच. तरीही टाकाऊ वस्तूंतून निघणारा नफा कोणाचा आणि त्यांना हात लावण्याची सक्ती कोणावर, हा प्रश्न ग्रामोद्योगाच्या अर्थशास्त्रात पुरेशा स्पष्टपणे मांडला गेला नाही, असे म्हणावे लागते.

नियोजनाशी मतभेद

मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे कुमारप्पा अध्यक्ष होते. तिचा अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला. शेकडो खेड्यांच्या प्रत्यक्ष पाहणीवर तो आधारलेला होता. याच सुमारास पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय नियोजन समितीवरही त्यांना घेण्यात आले. तेथे मोठ्या उद्योगांच्या दिशेनेच सर्व विचार चाललेला पाहून त्यांनी काही काळातच समितीतून अंग काढून घेतले. त्यांचा विरोध यंत्राला सरसकट नव्हता. वीज, रेल्वे, खाणी असे जे उद्योग मोठेच असावे लागतात ते समाजाच्या मालकीचे असावेत आणि उपभोग्य वस्तूंचे उत्पादन विकेंद्रित राहावे, अशी त्यांची विभागणी होती. ट्रॅक्टर शेण देत नाही, हा त्यांचा प्रसिद्ध युक्तिवाद पुष्कळांना विनोद वाटला. तो खरे तर जमाखर्चाचा मुद्दा होता. बैलाच्या खात्यात खत जमेला असते, यंत्राच्या खात्यात ते विकत आणावे लागते.

तुरुंग आणि शाश्वततेचे अर्थशास्त्र

‘छोडो भारत’ आंदोलनानंतरच्या वर्षांत कुमारप्पांना पुन्हा कारावास झाला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशू ख्रिस्ताच्या शिकवणुकीवरचे. ते आयुष्यभर श्रद्धावान ख्रिस्ती राहिले, मात्र परकी सत्तेची पाठराखण करणाऱ्या धर्माधिकाऱ्यांशी त्यांनी उघड वाद घातला. दुसरे ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’, म्हणजे शाश्वततेचे अर्थशास्त्र. गांधीजींनी १९४५ साली त्याला प्रस्तावना लिहिली आणि लेखकाला ग्रामोद्योगाचे डॉक्टर म्हणून गौरवले.

या पुस्तकाचा पाया एका भेदावर उभा आहे. निसर्गातील काही पदार्थ पृथ्वीवर ठराविक प्रमाणातच आहेत. कोळसा, खनिज तेल, लोखंड, तांबे, सोने ही त्यांची उदाहरणे कुमारप्पा देतात. वापरले की ते कमी होतात, म्हणून ते अशाश्वत होत. याउलट नदीचे वाहते पाणी किंवा सतत वाढणारे जंगल, त्याच्या वाढीपुरतेच घेतले तर, शाश्वत असते. साठ्यावर उभी राहिलेली अर्थव्यवस्था साठा संपत आला की दुसऱ्याच्या साठ्याकडे वळते आणि त्यातून युद्धे होतात. दुसरे महायुद्ध चालू असताना, तुरुंगात बसून हे लिहिले गेले, हे ध्यानात घेतले की त्यातील तीव्रता समजते. भांडवल खाऊन जगणाऱ्या दुकानदाराला कोणताही हिशेबनीस श्रीमंत म्हणणार नाही. कुमारप्पांनी हाच नियम पृथ्वीच्या खात्याला लावला.

याच पुस्तकात त्यांनी अर्थव्यवहाराच्या पाच पायऱ्या निसर्गातील उदाहरणांनी समजावल्या आहेत. दुसऱ्याचा जीव घेऊन जगणारी वृत्ती, वानरासारखी बागेतील फळे लुटणारी वृत्ती, स्वतःचे घरटे बांधणाऱ्या पक्ष्यासारखी उद्यमी वृत्ती, मधमाशांसारखी समूहासाठी झटणारी वृत्ती आणि सर्वांत वर पिलासाठी झिजणाऱ्या आईची सेवावृत्ती.

धातूंचा साठा आणि विजेच्या वस्तूंचे भंगार

कुमारप्पांनी संगणक किंवा मोबाईल पाहिला नाही. परंतु त्यांच्या साठ्याच्या यादीतील तांबे आणि सोने आज ज्या वेगाने खाणीतून निघून घरोघरच्या अडगळीत जात आहेत, तो वेग त्यांच्या विवेचनाची कसोटी पाहणारा आहे. सोने गंजत नाही आणि वीज उत्तम वाहून नेते. म्हणून सर्किट बोर्डाच्या जोडणीच्या टोकांवर त्याचा अतिशय पातळ मुलामा दिलेला असतो. त्याच बोर्डात तांबे विपुल, तर चांदी आणि पॅलेडियम अल्प प्रमाणात असते. एका उपकरणातील सोने नगण्य असले तरी एक टन मोबाईल बोर्डांत ते शेकडो ग्रॅमपर्यंत भरू शकते. खाणीतील एक टन खनिजात ते सामान्यतः काही ग्रॅमच असते. कुमारप्पांच्या हयातीत कोलारच्या सोन्याच्या खाणी जोरात चालू होत्या. उतारा घटत घटत २००१ साली त्या बंद पडल्या. साठा संपणे म्हणजे काय, याचे हे देशातील ठळक उदाहरण आहे.

टाकलेल्यातून सोने काढण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. सोनारांच्या दुकानातील केर आणि राख विकत घेऊन, ती धुऊन तिच्यातील सोन्याचांदीचे कण काढणारे झारेकरी हा येथील एक परंपरागत व्यवसायच होता. पूर्व विदर्भातील सोनझरी लोक नदीची रेती धुऊन सोन्याचे कण मिळवीत. विजेच्या भंगारातील काम मात्र याहून अवघड आणि घातक आहे. लहान वाड्यावस्त्यांतील भंगार धंद्यात तारा उघड्यावर जाळून तांबे काढले जाते, बोर्ड शेगडीवर तापवून सुटे भाग उपटले जातात आणि तीव्र आम्लांत बुडवून सोने विरघळवले जाते. सोन्याचा काही भाग हाती लागतो. शिसे धुरावाटे कामगाराच्या शरीरात आणि उरलेले आम्ल नाल्यात जाते. सुसज्ज कारखान्यात उपकरणे हाताने सुटी करून बोर्ड तांब्याच्या भट्टीत वितळवतात. मौल्यवान धातू वितळलेल्या तांब्यात एकवटतात. नंतर विजेच्या साहाय्याने तांबे शुद्ध करताना तळाशी जो गाळ बसतो, त्यातून सोने, चांदी व पॅलेडियम वेगळे केले जाते. धूर आणि सांडपाणी यांवर प्रक्रिया होते.

जगभरात २०२२ साली सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. भारतात ई-कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम २०११ साली झाले. ते २०१६ आणि २०२२ मध्ये बदलले. उत्पादकावरच परत गोळा करण्याची जबाबदारी टाकणे हे त्यांचे मुख्य सूत्र आहे. वस्तू विकली की कारखानदाराचे खाते बंद होत नाही, ही कल्पना कुमारप्पांच्या हिशेबाशी जुळणारी आहे.

मात्र त्यांना पुनर्प्रक्रियेचे प्रवर्तक ठरवणे हा अतिरेक होईल. भट्टीलाही इंधन लागते आणि प्रत्येक फेरीत काही धातू हरवतोच. साठ्यातील पदार्थ मुळातच जपून काढावेत, वस्तू दुरुस्त करून दीर्घकाळ वापरावी आणि गरजा मर्यादित ठेवाव्यात, हा त्यांच्या विचाराचा पहिला भाग होता. टाकाऊतून परत मिळवणे हा दुसरा. आजच्या उद्योगाने दुसरा भाग उचलला आणि पहिला सोडून दिला. आणि नालवाडीच्या संदर्भात राहून गेलेला प्रश्न, आम्लाच्या टबात हात घालणारा माणूस कोण, तो येथेही तसाच उभा आहे.

स्वातंत्र्यानंतर

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या शेतीसुधारणा समितीचे अध्यक्षपद कुमारप्पांकडे आले. १९४९च्या अहवालात मध्यस्थ जमीनदारी नष्ट करणे, कसणाऱ्याला जमिनीचे हक्क देणे आणि जमीनधारणेवर मर्यादा घालणे अशा दूरगामी शिफारशी होत्या. त्यांतील फार थोड्या पूर्णपणे अमलात आल्या. सरकारात गेलेल्या जुन्या सहकाऱ्यांशी त्यांचे अंतर वाढत गेले. स्पष्टवक्तेपणा त्यांच्या स्वभावात होता आणि तो पुष्कळदा कडवट होई. पुढाऱ्यांची राहणी, मोठ्या योजनांवरचा खर्च, ग्रामोद्योगांना मिळणारी तोंडदेखली मदत यांवर त्यांनी सातत्याने टीका केली.

मगनवाडीबाहेर पडून त्यांनी वर्धा जिल्ह्यातीलच सेलडोह येथे ‘पन्नई आश्रम’ काढला. पन्नई या तमिळ शब्दाचा अर्थ शेत. समतोल शेतीचा नमुना उभारावा, म्हणजे एका वस्तीला लागणारे धान्य, डाळ, तेलबिया, भाजी, कापूस आणि वैरण त्याच परिसरात किती जमिनीवर पिकवता येते हे करून पाहावे, हा त्यामागील हेतू होता. तब्येतीने साथ दिली नाही आणि प्रयोग अल्पकाळच चालला. उच्च रक्तदाबाचा विकार तुरुंगातील दिवसांपासून त्यांच्या मागे लागला होता. याच काळात त्यांनी चीन, जपान आणि सोव्हिएत संघाचा प्रवास केला. चीनमधील जमीनसुधारणांविषयी त्यांनी अनुकूल लिहिल्याने त्यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा शिक्काही मारला गेला.

अखेरची वर्षे

१९५३च्या सुमारास कुमारप्पांनी जवळजवळ दोन दशकांच्या वास्तव्यानंतर वर्धा सोडले आणि ते मदुराई जिल्ह्यातील टी. कल्लुपट्टी येथील गांधीनिकेतन आश्रमात राहायला गेले. ते अविवाहित होते. संपत्ती म्हणावी असे त्यांच्याजवळ काही नव्हते. आश्रमातील छोट्या घरात राहून, प्रकृती सांभाळत ते लिहीत राहिले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्या दिवशी, मद्रास येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाचा उल्लेख पुढील काळात कमी होत गेला. १९७३ साली अर्थतज्ज्ञ ई. एफ. शूमाखर यांनी ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या पुस्तकात कुमारप्पांच्या विचारांचा आधार घेतला, तेव्हा पाश्चात्त्य वाचकांना त्यांची ओळख झाली. जयपूर येथे त्यांच्या नावाने कुमारप्पा ग्रामस्वराज्य संस्था आहे. वर्ध्यातील मगनवाडीच्या परिसरात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था काम करते. १९३८ साली उघडलेले मगन संग्रहालयही तेथे आहे आणि ते लोकांना पाहता येते.